जवाईबापूंचं नाक कागदाबाहेर

मुधोळ, जिल्हा आदिलाबाद
पौष संपत आला, सन १९९९

बाजारहत्नूरचे श्री. चंपतराव जवाईबापू यांना, मुधोळहून तुमच्या मेहुण्याचा, म्हणजे सुधाकरचा, दोन्ही हात जोडून आणि मान नेहमीपेक्षा जरा जास्तच खाली घालून नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. ठीक कोणीच नाही. तुमची तब्येत कशी आहे? कापूस घरात आला का? पांढऱ्या बैलाच्या खांद्याला सूज होती ती उतरली का? यंदा थंडी बरीच आहे, तेव्हा सर्दी, पडसं, नाक... (हे बघा, पहिल्याच परिच्छेदात तो शब्द आला. मी तो पत्राच्या मध्यावर, तुमचा राग थोडा निवल्यावर, हळूच काढणार होतो. आता आलाच आहे तर राहू द्या. खोडला तर तुम्ही म्हणाल, इथंही कापलं.)

तुम्ही आमची निमंत्रणपत्रिका रामाजी भाजीवाल्याच्या हाती परत पाठवलीत, ती पोचली. निरोपही पोचला. रामाजीचा आवाज तुम्हाला माहीत आहे. बाजारात वांगी विकता विकता तयार झालेला आवाज तो. दुकानात गिऱ्हाइकांची ही गर्दी, आणि हा पायरीवरूनच ओरडला, "सुधाकरराव, जवाईबापूनं सांगतलं का ज्या घरानं जवायाचं नाक कापलं त्या घराची पायरी आमी चढत नाई, अन् कुसुमबाईले बी धाडत नाई!" जवाईबापू, गिऱ्हाइकं सौदा सोडून माझ्याकडेच पाहू लागली. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. गूळ मागणाऱ्याला मी साबण बांधून देतो. जेवायला बसलो की उठतो, उठलो की कशाला उठलो ते आठवत नाही. स्टँडवर बस वाजली की तुम्ही आलात असं वाटून धावतो. हे पत्र लिहिता लिहितासुद्धा मी दोनदा रस्त्यावर जाऊन आलो. (एकदा ती बस नव्हतीच, सरकीचा ट्रक होता.)

रथसप्तमीला बापूजींची पंच्याहत्तरी आहे, हे मी तुम्हाला काय सांगावं? आई गेल्यापासून बापूजींना औक्षण करते ती कुसुमच. आमच्या रेणुकानं एकदा ताट धरलं होतं, तर बापूजी म्हणाले, "तू सून हायेस, चांगली हायेस, पन टिळा लेकीचा." आणि या वेळी तर त्यांनी सरळ सांगून टाकलं आहे, "कुसुम नाई, त मी पाटावर नाई." हे त्यांनी पत्रिका छापून आली त्याच दिवशी, पत्रिका हातात धरून सांगितलं. (त्या दिवशी तुमचा निरोप आलाही नव्हता. म्हाताऱ्या माणसाला पुढचं आधी दिसतं म्हणतात ते असं.) आता मंडप सांगितला आहे, आचारी सांगितला आहे, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं ते पाटावर बसायला तयार नाहीत. त्यामुळे मी जे सांगतो आहे ते शेवटपर्यंत वाचा आणि मगच पत्र फाडायचं तर फाडा.

पत्रिका नेहमीसारखी छापखान्यात छापली असती तर काही झालं नसतं, हे मला रेणुका दिवसातून अनेकदा सांगते. पण मुधोळात आजवर कोणाचीच पत्रिका कॉम्प्युटरवर झालेली नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यात बसली. पत्रिकेवर फोटो असेल, बापूजींच्या नावाची अक्षरं टपोरी असतील, लोक हातात घेऊन म्हणतील, अरे सुधाकररावानं केलं काय! (म्हणालेच, पण वेगळ्या अर्थानं.) बापूजींची एकच अट होती. म्हणाले, "फोटो टाकतस त टाक, पन माह्या एकट्याचा नको. त्यात सारे पायजेत. घरातलं एक बी मानूस सुटलं नाई पायजे." आता एवढीच अट असल्यावर मला ती सोपी वाटली. बैठकीतला मोठा फोटो तुम्हाला आठवत असेल, दसऱ्याला अंगणात निंबाखाली काढलेला. बापूजी मधे खुर्चीवर, पुढं सतरंजीवर लेकरं. बापूजींच्या एका बाजूला मी आणि माझ्या पलीकडे रेणुका. दुसऱ्या बाजूला तुम्ही, नवे बूट घालून, आणि तुमच्या पलीकडे निंबाच्या खोडाला हात लावून कुसुम. फोटोवाल्यानं सगळ्यांना ऐसपैस उभं केलं होतं, म्हणून फोटो उंचीला कमी आणि रुंदीला भरपूर झाला. खरं म्हणजे सगळं भांडण त्या रुंदीचं आहे.

तो फोटो चौकटीसकट भिंतीवरून काढला, धोतरात गुंडाळला आणि निर्मलला नेला. तिथं पोशट्टी म्हणून एक जण आहे. त्याच्याकडे कॉम्प्युटर आहे, त्यावर तो अर्ज, दाखले, लग्नाचे बायोडेटा वगैरे टाइप करून देतो. मनुष्य चांगला, पण फोटो मशीनमध्ये चढवायचं यंत्र त्याच्याकडे नाही. ते निजामाबादला त्याच्या साडूकडे. साडूला वाटलं, निर्मलचं काम आहे, पाहुण्याचं काम आहे, हात आखडायचा नाही. त्यानं फोटो जेवढा मोठा चढवता येईल तेवढा चढवला. इतका मोठा, की तो एका फ्लॉपीत मावेना. (फ्लॉपी म्हणजे चौकोनी काळी चकती असते, आत काय असतं ते उघडून पाहू देत नाहीत.) मग त्याचे तुकडे करून फ्लॉप्यांच्या चवडीत भरले आणि निर्मलला येऊन जोडले. जोडताना एक फ्लॉपी वाचेना. पोशट्टी म्हणाला, फोटोचा खालचा तुकडा राहिला. म्हणजे तुमचे बूट, जवाईबापू! मी त्याला सांगितलं, आमच्या जावयाचे बूट आल्याशिवाय काम पुढं जाणार नाही. तुमच्या बुटांसाठी मी स्वतः निजामाबादला गेलो आणि आलो. ज्याला कोणाला तुमचा अपमान करायचा असेल तो असं करील का, हे तुम्हीच सांगा.

आता फोटो मशीनमध्ये आला, पण पत्रिकेत येईना. पोशट्टीनं आधी मजकूर टाइप केला, मग फोटो आत घालायला म्हणून बटण दाबलं, आणि पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं. ते आलं ते गेलंच नाही. आम्ही चहा घेतला, पोशट्टीनं दोन दाखले हातानं लिहून दिले, मी रस्त्यावर येरझाऱ्या घातल्या. परत आलो तर मशीन बंद पडलेलं. पोशट्टी म्हणाला, "फोटो चाला पेद्द सेठ, इसको हजम नहीं होता." (चाला पेद्द म्हणजे फार मोठा, हे तुम्हाला इकडं राहून माहीत आहेच.) मग पुन्हा सुरू केलं, पुन्हा घातलं. या वेळी फोटोच्या जागी एक रिकामा चौकोन आला आणि त्यात लालभडक फुली. नेमकी त्या दिवशी रेणुका माझ्याबरोबर आलेली. खाली ठळक अक्षरांत 'आमचे तीर्थरूप' आणि वर ही फुली! तिनं तिथल्या तिथं पदर तोंडाला लावला. म्हणाली, "जित्या मानसावर फुली काऊन मारून राह्यला रे बाबा? वाढदिवस हाये त्याईचा!" पोशट्टी सांगत होता की ही फक्त मशीनची थकल्याची खूण आहे. पण तिनं ऐकलं नाही. ती उठून देवळात गेली आणि नारळ फोडून आली. नारळाचा उपयोग झाला असं मी म्हणत नाही, पण त्यानंतर फुली गेली खरी.

फुली गेली आणि पाय आले. अगदी खरं सांगतो, फोटोमधले फक्त पाय. दोन ओळींमध्ये जेवढी जागा होती तेवढ्यात मशीननं फोटोची तळची पट्टी दाखवली आणि बाकी सगळं झाकून टाकलं. रेणुका पडद्याला नाक लावून (माफ करा) बसली आणि माणसं ओळखू लागली: ह्या बापूजींच्या वहाणा, ही माझी जोडवी, हे जवाईबापूंचे बूट. बूट फार छान आले होते. मग पोशट्टीनं कुठली तरी ओळ सैल केली तसा फोटो एकदम फुगून पान भरून बसला आणि मजकूर घाबरून दुसऱ्या पानावर पळाला. पहिल्या पानावर सगळ्यांत वर गणपती, खाली बापूजींचा एकट्याचा फेटा, एवढंच. मी म्हटलं, लहान कर. त्यानं बाजूनं दाबला, तर बापूजी उपास केल्यासारखे वाळले. वरून दाबला, तर सगळं घराणं बुटकं. कोपरा धरून दाबला तेव्हा माणसं माणसांसारखी राहिली, पण ज्वारीच्या दाण्याएवढी झाली. बापूजी कुठले आणि लेकरं कुठली ते कळेना. आणि प्रत्येक वेळी ते घड्याळ. मी अक्षरशः नखं खाल्ली, जवाईबापू. शेवटी बापूजींचा चेहरा नीट दिसेल एवढा फोटो ठेवला. पडद्यावर तो पूर्ण दिसत होता. पडद्यावर तुम्ही होतात, पूर्ण होतात, मिशीसकट होतात. मी देवाची शपथ घेऊन सांगतो.

पण पडदा रुंद आणि कागद अरुंद. हे आम्हाला माहीत नव्हतं, ते मशीनला माहीत होतं. छापायच्या आधी त्यानं इंग्रजीत एक पाटी दाखवली आणि रीतसर विचारलं, की काही भाग कागदाबाहेर जातो आहे, तरी चालेल का? पोशट्टीनं ताबडतोब हो म्हणून टाकलं. मी नंतर त्याला धरलं, की बाबा रे, तुला विचारलं असताना तू हो कसं म्हटलंस? तो म्हणाला, "सेठ, वो तो रोज पूछता. हाँ बोले तो ही आगे चलता." म्हणजे पाहा, विचारून सवरून कापलं, पण ज्याला विचारलं तो तुम्हाला ओळखतही नाही.

छापलेला पहिला कागद सगळ्यांनी पाहिला होता. पण समूहाच्या फोटोत माणूस आधी स्वतःला शोधतो आणि स्वतः सापडला की समाधानानं कागद खाली ठेवतो. मी मला पाहिलं. रेणुकानं तिचं लुगडं पाहिलं. पोशट्टीनं खाली बारीक अक्षरात स्वतःचं नाव टाकलं होतं ते पाहिलं. मग शेजारच्या दुकानात झेरॉक्सचा गठ्ठा काढला आणि गावोगाव पाठवून दिला. तुमची पत्रिका तर मी सगळ्यांच्या आधी टाकली, मानाची म्हणून. कागदाची कड तुमच्या बरोबर नाकावरून गेली आहे, हे मला रामाजीनं ती परत आणून दाखवली तेव्हा कळलं. एक डोळा, मिशीचं एक टोक आणि अर्धं नाक. मी ते पाहिलं आणि खाली बसलो. कारण 'नाक कापलं' असं लोक बोलतात ते नुसतं बोलतात. इतकं जागेवर, रेघ मारून कापलेलं मीही आयुष्यात पाहिलं नव्हतं. बाजारहत्नूरच्या आठवडी बाजारात लोक काय म्हणाले असतील ते मला न ऐकता ऐकू आलं. तुमच्या जागी मी असतो तर मीही रागावलो असतो, आणि कदाचित रामाजीपेक्षा मोठ्या आवाजाचा माणूस पाठवला असता.

म्हणून मी दुसऱ्याच दिवशी पुन्हा निर्मलला गेलो. पोशट्टीला म्हटलं, काही कर, पण आमचा जावई अख्खा आण. फोटो आणखी लहान करायला गेलो तर पुन्हा ती लाल फुली. ती दुसऱ्यांदा घरी सांगायची माझी हिंमत नव्हती. मग त्यानं सगळा फोटोच एका बाजूला सरकवला. आता तुम्ही पूर्ण आलात. दोन्ही डोळे, अख्खी मिशी, खांदा, बूट आणि नाक. नाक तर इतकं स्वच्छ आलं आहे की त्याच्याकडेच आधी लक्ष जातं. ही नवी पत्रिका सोबत जोडली आहे. बाजारात चारचौघांना दाखवा. जुनी सगळ्यांकडून परत मागवून जाळतो आहे.

तेव्हा राग सोडा. कापलं ते मशीननं, कागदानं आणि पोशट्टीच्या हो म्हणायच्या सवयीनं. आमच्या मनात तुम्ही पहिल्यापासून पूर्णच आहात. रथसप्तमीच्या आदल्या दिवशी कुसुमला आणि लेकरांना घेऊन या. हुरडा राखून ठेवला आहे. तुमच्या आईंना, मथुराबाईंना, माझा नमस्कार सांगा आणि त्यांचे गुडघे कसे आहेत ते कळवा. लहानांना पापा. पुन्हा बस वाजली, पाहून येतो.

(तुम्ही नव्हतात. नांदेडचे कोणी होते.)

तुमचा, तुमच्याच वाटेकडे डोळे लावून बसलेला,
सुधाकर

ता.क. एक लहानसं काम आहे. फोटो एका बाजूला सरकवला म्हणजे दुसऱ्या बाजूचं काहीतरी गेलं असणार, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नव्हतं आलं. नव्या पत्रिकेत माझा अर्धा खांदा आणि एक कान गेला. त्याचं काही नाही. पण रेणुका पूर्ण गेली. ही पत्रिका नेरडीगोंड्याला तिच्या भावाकडे, भगवंतरावांकडे, पोचली आणि त्यांचा निरोप आला, "आमची बहीन तुमच्या घरातली हाये का नाई, ते आधी सांगा." रेणुका मला वाढते, पण बोलत नाही, भाकरी ताटात ठेवत नाही, सोडते. तर तुमची बस नेरडीगोंड्यावरूनच येते. येताना तिथं उतरा आणि भगवंतरावांना समजावून सांगा की माणसाच्या मनात काही नसतं, मशीनच असं करतं. माझं ते ऐकणार नाहीत. ज्याचं स्वतःचं कापलं गेलं आहे त्याचं ऐकतील. हवं तर हेच पत्र वाचून दाखवा. फक्त जिथं जिथं नाक आहे तिथं रेणुका म्हणा. खरं सांगायचं तर एवढ्या घाईनं पत्र लिहायला बसलो ते त्यासाठीच.

ता.क. दुसरा. पाकीट बंद करायला खळ शोधत होतो तर वाटी जागेवर नव्हती. ती बापूजींकडे होती. ओट्यावर उन्हात बसले होते, मांडीवर तुमची परत आलेली जुनी पत्रिका. जुन्या कॅलेंडरच्या पाठीची एक पट्टी कापून त्यांनी ती पत्रिकेच्या कडेला खळीनं चिकटवली होती, आणि सुताराच्या पेन्सिलीनं त्या पट्टीवर तुमचं राहिलेलं अर्धं नाक काढलं होतं. (जरा मोठं झालं आहे. मिशी मात्र बरोबर जमली.) मला वाटलं तेवढंच. पण त्याच्या पुढं त्यांनी निंबाचं खोड काढलं होतं, आणि खोडाला हात लावून उभी असलेली एक बाई, डोक्यावर पदर. मी विचारलं, ही कोण? म्हणाले, "कुसुम. पत्रिका आली तवापासून सांगून राह्यलो, कुसुम नाई, कुसुम नाई. तुमी सारे नाकच पाहून राह्यले."

जवाईबापू, मी दोन्ही पत्रिका घेऊन शेजारी शेजारी ठेवल्या. पहिलीत तुमचं नाक अर्धं आहे, आणि कुसुम नाही. दुसरीत तुमचं नाक पूर्ण आहे, आणि कुसुम नाही. मी पाहिली नाही. तुम्ही पाहिली नाही. रेणुकाला सांगितलं तर इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, "मी गेली त माह्या भावाले दिसलं. त्या गेल्या त कोनालेच नाई दिसलं." कुसुमनं मात्र पत्रिका पाहिली असणार, आणि सगळ्यांसारखं तिनंही आधी स्वतःलाच शोधलं असणार. तुम्हाला काही बोलली का? बोलली नसेल. मला फार वाईट वाटून राहिलं आहे, ते इथं सरळ लिहितो. विनोद करायला आता जमत नाही.

नवी पत्रिका पाकिटातून काढून घेतली आहे. ती कोणाला दाखवण्यासारखी नाही. बापूजींची पाठवली असती, पण ते देत नाहीत. पूर्ण झालेली नाही म्हणतात. कुसुमचा चेहरा त्यांनी कोराच ठेवला आहे. ती आली की समोर बसवून, पाहून काढणार आहेत.

तर कुसुमला पाठवा. जमलं तर तुम्हीही या.